पाचव्या प्रकरणाचा कच्चा टाका

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. मागाहून कुणी म्हणायला नको की हिने स्वतःला अलगद बाजूला काढलं. मी कोट कापते. पंचवीस वर्षं झाली. एकदा कात्री चालली की कापड मागे येत नाही, हे आमच्या कारखान्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरी मी नको तो शहाणपणा केलाच. पण ही गोष्ट माझी नव्हे, आमच्या थोरल्या जाऊबाईंची आहे. मी आपली मध्ये मध्ये येईन, कारण मला गप्प बसवत नाही.

जाऊबाई काजं करतात. आमच्याकडे जाड कापडाचे कोट शिवले जातात, दरवानांचे, बँडवाल्यांचे, थंडीत उभं राहून नोकरी करणाऱ्या सगळ्यांचे. मशिनवरचं काज जाड कापडात दोन महिन्यांत फसकतं, म्हणून मालकांनी काजाचं काम हातावरच ठेवलंय. एका कोटाला सहा काजं, सहा बटणं. खिडकीजवळच्या बाकावर बसून जाऊबाई दिवसाचे सात-आठ कोट उडवतात. बाई माझ्या खांद्याला लागते, पण तिचं काज ओढून बघा, कोट फाटेल, काज फाटणार नाही.

पुस्तकं आमच्या कारखान्यात आणली ती त्यांनीच. दुपारी तीन ते चार आमची मशिनं बंद असतात. जुन्या मोटारी तापायच्या म्हणून थोरल्या मालकांनी तो नियम केला होता. आता मोटारी तापत नाहीत, थोरले मालकही राहिले नाहीत, पण तास राहिला. त्या तासाला सगळ्यांनी हातकाम करायचं, तुरपाई, बटणं, सुटे धागे कापणं. चौदा वर्षांपूर्वी दोऱ्याची रिळं कुठल्याशा जुन्या मासिकाच्या कागदात बांधून आली होती. जाऊबाईंनी त्यावरची अर्धी गोष्ट मोठ्याने वाचली आणि कागद संपला. मग काय, सगळ्या बायका त्यांच्या जिवावर उठल्या, पुढचं सांगा, पुढचं सांगा. दुसऱ्या दिवशी जाऊबाई चौकातल्या वाचनालयात गेल्या आणि पुस्तकच घेऊन आल्या. तेव्हापासून तीन ते चार एकीने वाचायचं आणि तिच्या वाटणीची बटणं बाकीच्यांनी लावायची, अशी रीत पडली.

आणि जाऊबाई वाचायच्या तरी कशा! म्हातारा आला की म्हातारा, पोरगी आली की पोरगी. खलनायक आला की हुबेहूब आमचे मालक. एकदा मालक मागून आले आणि स्वतःच्याच आवाजात एका विधवेला घराबाहेर काढताना ऐकून दारातच थिजले. आम्ही हसून हसून सुया टोचून घेतल्या. मालक म्हणाले, "मी इतका वाईट बोलतो?" जाऊबाई म्हणाल्या, "नाही हो, पुस्तकातला जरा बरा आहे." त्या दिवसापासून मालक तीन वाजता हटकून कापडाची थानं मोजायला आमच्या खोलीत येतात. एक तास मोजतात आणि आकडा कधी सांगत नाहीत.

मग बारक्या गेला.

बारक्या म्हणजे जाऊबाईंचा एकुलता एक. नाव बारक्या आणि उंची सहा फूट, कारखान्यात रोज चक्कर टाकायचा तेव्हा दारातून वाकून यायचा. तेवीस वर्षांचा होता. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी तो नव्हता. आमची दोन्ही घरं एका भिंतीला लागून. माझ्या दोन मुली आणि तो, तिघं कुणाच्या घरात वाढली ते मला आजही सांगता येणार नाही. त्याचं पहिलं पाऊल माझ्या कापायच्या टेबलावर पडलंय. एवढंच सांगते. जास्त सांगायला गेले तर लिहून होणार नाही.

जाऊबाई पंधरा दिवसांनी कामावर आल्या, बाकावर बसल्या, काजं करायला लागल्या. तीन वाजता पुस्तक हातात घेतलं, तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. पुस्तक त्यांनी शेजारी सरकवलं. शेजारी होती चष्मेवाली, ओव्हरलॉकच्या मशिनवर कापडाच्या कडा बांधणारी. ती वाचायला लागली. पोरगी गुणाची, पण वाचते अशी की जणू मागे कुत्रं लागलंय. आम्ही त्यातच समाधान मानलं.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक मूर्खपणा सुरू केला. आम्ही जाऊबाईंना जपायला लागलो. त्यांच्या समोर 'मुलगा' हा शब्द काढायचा नाही. कुणी हसायचं नाही. कॉलर लावणारी आमच्यातली एक आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तिला बंद करायचं बटण नाही. तिचा मुलगा परीक्षेत पहिला आला, तर ती बातमी तिने आम्हाला हात धुवायच्या मोरीजवळ नेऊन कानात सांगितली. चोरी केल्यासारखी! जाऊबाई आल्या की बोलणं थांबायचं. दोन वर्षं असं चाललं. बाई बाकावर एकटी, आणि आम्ही बारा जणी तिच्याभोवती चवड्यावर चालतोय.

यंदा वाचनालयाच्या बाईंनी एक कादंबरी दिली. या बाई म्हणजे उंच, शिस्तीच्या, कानावर कायम पेन्सिल. त्यांच्याकडे सहा-सात वाचनमंडळं आहेत, आमचं सगळ्यात आरडाओरड करणारं म्हणून त्यांचं आमच्यावर प्रेम. पुस्तक संपलं की शनिवारी त्या स्वतः येतात आणि कुणाला काय वाटलं ते ऐकतात. त्यातला एखादा अभिप्राय वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर लागतो. नियम एकच, बोलणाऱ्याच्या हातात पुस्तक पाहिजे. जाऊबाईंकडे पुस्तक आलं की त्या न बोलता पुढे द्यायच्या, आणि आम्ही सगळ्या मान खाली घालून सुटे धागे शोधायचो.

कादंबरी होती एका नदीकाठच्या रोपवाटिकेची. आई, वडील, थोरला मुलगा, धाकटी मुलगी. पहिल्या चार प्रकरणांनी आम्हाला वेड लावलं. नदी अशी लिहिली होती की पाय ओले झाल्यासारखं वाटावं. थोरला तर सगळ्यांचा लाडका झाला. रोपांना माणसांची नावं द्यायचा, रोज कुणाची तरी खोडी काढायचा. मालकसुद्धा थानं मोजायचं सोंग विसरून म्हणाले, "मग? पूर ओसरला का?"

रोज कुठे थांबायचं ते ठरवायला मी पुस्तक घरी नेऊन आधी चाळते. तशी पाचवं प्रकरण वाचायला घेतलं. दुसऱ्याच पानावर तो पोरगा पैलतीरावरून रोपं आणायला पुरात होडी घालतो. होडी परत येते, तो येत नाही.

मी पुस्तक मिटलं. डोळ्यांपुढे जाऊबाई. बाकावर बसल्यात, हातात काज, आणि चष्मेवाली धडधडत वाचतेय, होडी रिकामी, होडी रिकामी. पुस्तक परत करावं तर सगळ्या अडकलेल्या. पुढे वाचावं तर माझा हात पान उलटेना. मग मी काय करावं? जे येतं ते केलं. सुई घेतली, हिरवा दोरा ओवला आणि पाचव्या प्रकरणाची सगळी पानं एकत्र धरून कडेने कच्चा टाका घालून टाकला. हो, वाचनालयाच्या पुस्तकाला! कोट शिवायच्या आधी कापड जागेवर राहावं म्हणून घालतो ना, तसाच. चष्मेवालीला बजावलं, "इथून उडी मारायची. पुढची प्रकरणं मी वरवर चाळलीत, कुठे त्याचं मेल्याचं आलं तर पेन्सिलने खूण केलीय, तेवढं गाळायचं. आणि मध्ये हे एक वाक्य वाचायचं." वाक्य मीच रचलं होतं. 'थोरला मुलगा मोठ्या शहरात नोकरीला लागला.'

लेखिका व्हायचीच राहिले होते मी!

चष्मेवालीने घाबरत घाबरत वाचलं. कुणाला काही कळलं नाही. मला वाटलं, जिंकले. आणि दोन दिवसांत माझ्या वाक्याने माझाच गळा धरला.

कारण पुढच्या प्रकरणांत ती आई रोज नदीवर जाऊन बसायची. बाप एकाएकी म्हातारा झाला. धाकटी भावाची रोपं कुणाला हात लावू देईना. आणि शहरात नोकरीला लागलेला मुलगा काही पत्र पाठवीना. रेडिओ तापली. "बघा! आई झुरतेय आणि हा तिकडे मजा मारतोय! एक ओळ लिहायला हात मोडले का मेल्याचे?" दुसऱ्या दिवशी, "बाप आजारी आहे, तरी आला नाही. काळीज आहे का दगड?" तिसऱ्या दिवशी सगळ्याच त्याच्यावर तुटून पडल्या. मालक म्हणाले, "हल्लीची मुलं." मी टेबलापाशी उभी राहून खडूने रेघा मारत होते आणि रेघा वाकड्या येत होत्या. त्या बिचाऱ्या पोराने काय केलं होतं? रोपं आणायला गेला होता. आणि मी त्याला असा नालायक करून ठेवला होता. सांगावं तर सगळंच उसवणार. चष्मेवाली माझ्याकडे बघायची, मी तिच्यावर डोळे वटारायची.

जाऊबाई काही बोलत नव्हत्या. फक्त एकदा, सातव्या प्रकरणात, त्यांची सुई थांबली. तिथे आई संध्याकाळी पाण्याचे पेले काढते असं काहीतरी होतं. सुई थांबली आणि पुन्हा चालू झाली. माझं लक्ष होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

शनिवार उजाडला. वाचनालयाच्या बाई तीनच्या ठोक्याला आल्या, खुर्ची घेतली, कानावरची पेन्सिल काढली. म्हणाल्या, "हे पुस्तक मी तुमच्यासाठी मुद्दाम निवडलं. मला फार उत्सुकता आहे." मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

पुस्तक आधी मालकांकडे गेलं. ते म्हणाले, "रोपांची माहिती चांगली आहे," आणि घाईने पुढे दिलं. चष्मेवाली म्हणाली, "मला नदी आवडली," आणि रडायच्या बेतात आली. मी म्हटलं, "भाषा सोपी आहे." बाईंची पेन्सिल कागदावर नुसती टेकलेली. मग पुस्तक रेडिओच्या हाती पडलं.

"मी स्पष्ट बोलते," रेडिओ म्हणाली. जशी काही एरवी आडपडद्याने बोलते. "त्या आईची मला कीव आली. आणि त्या मुलाचा संताप आला. आईबापांना टाकून गेला, मागे वळून पाहिलं नाही. असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा!"

म्हणाली आणि तिची तिलाच जाणीव झाली. जीभ चावली. वाचनालयाच्या बाईंनी भुवया उंचावल्या. "टाकून गेला? अहो, पण तो तर..."

"थांबा बाई," जाऊबाई म्हणाल्या.

दोन वर्षांत त्या तासाला त्यांचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. त्यांनी मांडीवरचा कोट बाजूला ठेवला, सुई रुमालाला टोचली आणि उभ्या राहिल्या.

"त्या पोराला शिव्या घालू नका. आठ दिवस ऐकतेय मी. ते पोर कुठे नोकरीला गेलेलं नाही. ते गेलंय."

रेडिओ पांढरीफटक. "अहो, पण वाचलं ना आपण, शहरात..."

"दुसऱ्या प्रकरणात त्या घरात संध्याकाळी चार पेले निघतात. सातव्यात तीन निघतात आणि चौथा ती फळीवर पालथा घालते. मी दिवसभर सहा-सहा मोजते गं, एक कमी पडला तर मला कळतं. नोकरीला गेलेल्या पोराचा पेला आई पालथा घालत नाही. पुसून जागेवर ठेवते, आज येईल म्हणून." मग म्हणाल्या, "माझ्याकडे दोन वर्षं पालथा आहे."

त्यांनी हात पुढे केला. रेडिओने पुस्तक त्यांच्या हातात दिलं. जाऊबाईंनी ते उघडायच्या आधी कडेवरून अंगठा फिरवला, आपण कापडाची कड बघतो तसा. अंगठा मध्येच अडला. त्यांनी तिथे पुस्तक उघडलं. हिरवा टाका, लांब, सरळ, सारख्या अंतराचा. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी टेबलासकट आत जावं.

"टाका तुझा आहे," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "शेवटची गाठ डावीकडे मारायची तुझी खोड काही जात नाही."

"जाऊबाई, मी तुमच्यासाठी..." मी दोन पावलं पुढे आले. "तुम्हाला त्रास नको म्हणून केलं हो."

"माझ्यासाठी?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तू ही पानं पूर्ण वाचलीस?"

मी मान हलवली. नाही.

"मग माझ्यासाठी कशी शिवलीस? तुला बघवेना म्हणून शिवलीस. दोन वर्षांत तू बारक्याचं नाव घेतलं नाहीस. तुझ्या मुली घेतात, तू उठून आत जातेस. मला वाटायचं, मी त्याचं बोलले तर तू मोडशील. म्हणून मीही गप्प. आणि तुम्हाला सगळ्यांना वाटतंय, मी मोडेन. अगं, मी मोडून झाले. दोन वर्षांपूर्वीच. आता काय उरलंय मोडायला?"

मालक थानाला धरून उभे होते.

जाऊबाईंनी काज उघडायची त्यांची ती बारीक टोकाची कात्री घेतली. गाठ कापली. कच्चा टाका तो, एका बाजूने ओढला की सगळा येतो. हिरवा दोरा सरसर निघाला, तो त्यांनी बोटाला गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. मग वाचणारीची खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या.

पहिल्याच ओळीला आवाज फाटला. चष्मेवाली पाणी आणायला उठली, तिला त्यांनी हातानेच बसवलं. खाकरल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. होडी निघाली. पूर चढला. होडी परत आली. त्यांनी एक शब्द गाळला नाही, एका शब्दावर अडखळल्या नाहीत. रेडिओ तोंडात रुमाल कोंबून रडत होती आणि पुटपुटत होती, "माफ कर रे बाबा, माफ कर." कुणाची माफी मागत होती ते सांगायला नको.

आणि मग तिसरं पान उलटलं. जिथे मी पोचलेच नव्हते, ते पान.

तीन दिवस सगळे त्याला शोधतात. तिसऱ्या दिवशी दुपारी थकून काठावर बसतात आणि जो तो म्हणायला लागतो, किती गुणी होता, किती शांत होता. ती आई उसळते. म्हणते, माझा मुलगा शांत नव्हता. गुण परक्या माणसाचे सांगतात. त्याने तुमच्या काय काय खोड्या काढल्या ते सांगा, म्हणजे मला कळेल की तुम्ही माझ्याच मुलाला शोधताय. मग एकेक जण सुरू होतो. कुणाच्या टोपीत बेडूक, कुणाची बकरी छपरावर. आणि काय सांगू, जाऊबाईंनी प्रत्येकाला आवाज दिला! नावाडी वेगळा, मास्तर वेगळा, बकरीवाली म्हातारी तर अशी किरकिरी की रेडिओ फिस्सकन हसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

जाऊबाईंनी पुस्तकावरून बघितलं. "हस की. हसायलाच लिहिलंय."

बस्स. बांध फुटला. बारा बायका, एक मालक आणि शिस्तीच्या त्या बाईसुद्धा, सगळे हसतायत आणि सगळ्यांच्या गालांवर पाणी. चारचा ठोका पडला. मालकांनी मशिनच्या मुख्य बटणाकडे हात नेला आणि तसाच खिशात घातला. सव्वाचारला प्रकरण संपलं.

जाऊबाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "आता बारक्याचं. एकेक सांगा. गुण नकोत."

पहिले कोण बोलले असतील? मालक! म्हणाले, "माझ्या सायकलची हवा सोडायचा. दर सोमवारी. मग स्वतःच पंप घेऊन यायचा आणि म्हणायचा, काका, मी मदत करू का? मला सगळं माहीत होतं. मी कधी बोललो नाही." रेडिओ म्हणाली, त्याने एकदा तिच्या सगळ्या कॉलर उलट्या गठ्ठ्यात लावून ठेवल्या, तिने अकरा कोटांना उलट्या शिवल्या आणि उसवत बसली तर हा समोर बसून उसवायला मदत करत होता, चेहरा एखाद्या संताचा. चष्मेवालीला तो 'दुर्बीण' म्हणायचा. तिने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

बोटाला हिरवा दोरा गुंडाळलेला. मी म्हटलं, "बारक्या..." आणि थांबले. दोन वर्षांनी ते नाव माझ्या तोंडातून बाहेर पडलं होतं. खोली तिथेच होती. छत कोसळलं नव्हतं. "बारक्या संध्याकाळी माझ्याकडे यायचा आणि तोंड एवढंसं करून म्हणायचा, काकू, आईने आज काही केलंच नाही गं. मी बापडी स्वतःचं ताट त्याच्यापुढे सरकवायची."

जाऊबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "काय? अगं, तो मला येऊन सांगायचा, काकूने उपाशी घालवलं! मी पुन्हा चूल पेटवायची!"

"किती वर्षं?"

"दहा तरी!"

दहा वर्षं त्या लबाडाने दोन घरांत दोनदा जेवण केलं होतं आणि आम्हा दोघींना एकमेकींच्या नावाने बोटं मोडायला लावली होती. सहा फूट उगाच नव्हता झाला! मी कापायच्या टेबलावर डोकं ठेवलं आणि हसले की रडले मला माहीत नाही. जाऊबाईंचा हात पाठीवर आला. खरखरीत, बोटाला सुईचे घट्टे पडलेला. म्हणाल्या, "बघ. आला की नाही?"

जायच्या वेळी वाचनालयाच्या बाईंनी पुस्तक उघडून ती पानं उजेडात धरली. कडेने बारीक भोकांची ओळ. मी कान धरायच्या तयारीत. "भोकं पडली," त्या म्हणाल्या. मग कानावर पेन्सिल खोचत म्हणाल्या, "राहू देत. पण अभिप्राय द्या. फळ्यावर मला आजच लावायचाय." जाऊबाईंनी मापाच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या, मला दाखवल्यासुद्धा नाहीत. संध्याकाळी घरी आलो तर त्यांनी भिंतीवर थाप मारून मला चहाला बोलावलं आणि चहा बारक्याच्या पेल्यात दिला. मी एक शब्द न बोलता प्यायले. माझ्यासारखी बाई, एक शब्द न बोलता! पेला धुऊन मीच फळीवर ठेवला. सुलटा.

सोमवारी तीन वाजता मशिनं थांबली. चष्मेवालीने नवं पुस्तक हातात घेतलं आणि सरळ जाऊबाईंकडे नेऊन दिलं. जाऊबाईंनी कोट खाली ठेवला, खुर्चीत बसल्या, चारही बाजूंना बघून घेतलं. त्यांच्या वाटणीची बटणं माझ्याकडे आली. गुन्हेगार मीच, म्हणून दोन कोट अख्खे माझे.

पुस्तकात तिसऱ्याच पानावर एक बाई आली. सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसणारी, स्वतःला शहाणी समजणारी, तोंडाचा पट्टा सुटलेली. जाऊबाईंनी तिला आवाज दिला.

रेडिओ किंचाळली. मालकांच्या हातून थान पडलं. हुबेहूब मी होते हो! ते "मी आधीच सांगून टाकते" सुद्धा तस्संच! सगळा कारखाना माझ्याकडे बोट दाखवून हसत होता, मी "बघा बघा, हे काय चाललंय" म्हणून ओरडत होते, आणि त्या खुर्चीतली बुटकी बाई अगदी गंभीर चेहऱ्याने पुढचं वाचत होती. दोन वर्षांनी माझी कुणी टर उडवली होती. इतका आनंद मला आयुष्यात कशाने झाला नसेल. त्या बारा बटणांतली तीन वाकडी लागली. चारला जाऊबाईंनी ती तिन्ही उसवून माझ्याकडून परत लावून घेतली, माझ्याच आवाजात मला झापत.

घरी जाताना आम्ही वाचनालयावरून गेलो. दारातल्या फळ्यावर मापाची चिठ्ठी टाचली होती. माणसं थांबून वाचत होती. मीही वाचली. 'पाचवं प्रकरण कुणीही गाळू नये. पोरगं तिथेच भेटतं.' खाली जाऊबाईंनी आपलं नाव घातलं नव्हतं. लिहिलं होतं, 'बारक्याची आई आणि काकू.'